विहीर घरची, मोट कोणी ओढायची?

आपल्या परिचयाच्या दहा-वीस घरांपैकी एखाद्या घरी तरी ही हकीकत घडलेली असते. मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला असते, बुद्धीने चांगली, गुणपत्रिका दाखविण्यासारखी. आणि मग कधी तरी झोप उडते, वर्गातली माणसे आपल्याविषयीच कुजबुजत आहेत असे वाटू लागते, किंवा अंथरुणातून उठण्याचेही त्राण उरत नाही, आणि वर्ष-दोन वर्षे देवऋषी, डॉक्टर, रुग्णालय अशा फेऱ्यांत निघून जातात. पुढे औषध लागू पडते, कानातले आवाज थांबतात, जेवणखाण मार्गी लागते, आणि घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, ‘आता कॉलेजात नको धाडायला, मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरू. घरी बसून तर वाचायचं आहे, त्यात काय अवघड?’ फॉर्म भरला जातो, पुस्तकांचे पार्सल येते, आई त्यांना खाकी कव्हरे घालते. आणि दिवाळीनंतर पाहावे तो पहिल्या घटकाच्या चौथ्या पानावर पेन्सिलीची रेघ थांबलेली असते व पुढची पाने कोरी करकरीत असतात.

ज्या शिक्षणात वर्ग नाही, हजेरीपट नाही, सकाळची बस गाठणे नाही, शेजारच्या बाकावरच्या नजरा नाहीत, म्हणजे आजारी मनाला ज्या ज्या गोष्टींचा जाच व्हावा त्या सर्वांपासून ज्यात मोकळीक आहे, तेच शिक्षण अशा विद्यार्थ्याच्या हातून इतक्या वेळा का सुटावे, हे कोडे आहे. वडील त्याचे उत्तर ‘आळस’ असे देतात, शेजारी ‘डोक्यावर परिणाम’ असे देतात. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि त्यांच्यामुळे होणारे नुकसानही सारखेच आहे, कारण ती एकदा मान्य केली की करण्यासारखे काही उरत नाही.

गंभीर मानसिक आजार म्हणताना येथे स्किझोफ्रेनिया, उन्माद व अवसाद यांचे आळीपाळीने झटके येणारा बायपोलर विकार, आणि दीर्घकाळ ठाण मांडून बसणारे तीव्र नैराश्य हे तीन प्रकार अभिप्रेत आहेत. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत (महाराष्ट्र त्यांत नव्हता) जी राष्ट्रीय पाहणी केली, तीनुसार पहिल्या दोन प्रकारांतले विकार आयुष्यात कधी ना कधी झालेल्या प्रौढांचे प्रमाण १.९ टक्के भरले. हे विकार बहुधा विशीच्या अलीकडेपलीकडे प्रथम प्रकट होतात, म्हणजे नेमके पदवीच्या वयात. त्यामुळे अर्धवट राहिलेले शिक्षण हा या आजारांचा जवळजवळ नेहमीचाच अवशेष होय.

पाटाचे पाणी आणि विहिरीचे पाणी

गोदावरीच्या किंवा प्रवरेच्या पाटावर ज्यांची शेती आहे त्यांना पाळी ठाऊक असते. पाटकरी सांगेल त्या घटकेला, मग ती मध्यरात्रीची का असेना, पाणी बांधाशी येते, आणि दारे धरायला माणूस हजर नसेल तर ते पुढच्याच्या शेतात निघून जाते. घरची विहीर असणाऱ्याला हा जाच नाही. पाणी आठही प्रहर त्याचेच आहे, परंतु मोट जुंपावयाची ती त्यानेच, आणि त्याने ती जुंपली नाही तर काठोकाठ भरलेल्या विहिरीशेजारी पीक वाळून जाते. महाविद्यालय हे पाटाचे पाणी आणि दूरशिक्षण ही घरची विहीर. गंभीर मानसिक आजाराचा घाला पाण्यावर, म्हणजे बुद्धीवर, पडतो असे लोक समजतात. वस्तुतः तो बव्हंशी मोट जुंपण्याच्या शक्तीवर पडतो.

मुक्त विद्यापीठाची कल्पना ज्यांच्यासाठी निघाली त्यांच्याकडे पाहिले म्हणजे ही अडचण अधिक स्पष्ट होते. इंग्लंडात ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ साली सनद मिळाली व १९७१ पासून तिचे विद्यार्थी शिकू लागले. आपल्याकडे हैदराबाद येथे १९८२ साली पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, १९८५ साली दिल्लीस इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, स्थापन झाले आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन राम ताकवले यांच्या कुलगुरुपदाखाली सुरू झालेल्या या विद्यापीठाच्या डोळ्यांपुढे नोकरदार, गृहिणी, शेतकरी, शाळा सुटलेले प्रौढ असे विद्यार्थी होते. या सर्वांपाशी वेळ नव्हता, उमेद होती. आजारातून उठलेल्या विद्यार्थ्याची स्थिती याच्या उलट असते: त्याच्यापाशी वेळ मुबलक असतो, आणि सुरुवात करण्याची शक्ती तेवढी हरवलेली असते. वेळेची सवलत देणारी व्यवस्था त्याच्या हाती जशीच्या तशी पडली तर ती त्याला उपयोगी पडत नाही, यात नवल ते काय?

बसवत का नाही?

‘एकदा बसला की तासभर वाचतो, पण बसतच नाही,’ ही घरच्यांची तक्रार खोटी नसते, आणि तिच्यातच उलगड्याचा धागा आहे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या भावनांचा अभ्यास करणाऱ्या अ‍ॅन क्रिंग व त्यांचे सहकारी यांना असे आढळले, की प्रत्यक्ष हाती असलेल्या गोष्टीपासून मिळणारा आनंद या रुग्णांना इतरांसारखाच होऊ शकतो. क्षीण झालेली असते ती पुढे मिळावयाच्या आनंदाची चाहूल. आपण निरोगी माणसे एखादे कंटाळवाणे काम हाती घेतो ते ते संपल्यावर बरे वाटेल याची आगाऊ चव मनाला लागते म्हणून. ही चव ज्याला लागत नाही त्याला पुस्तकापर्यंतचे चार पावलांचे अंतर निष्कारण चालण्यासारखे वाटते. तीव्र नैराश्यात तर ही चाहूल आणि हाती आलेला आनंद, दोन्ही मावळतात.

हे एकदा ध्यानात आले म्हणजे ‘मन लावून अभ्यास कर’ हा उपदेश किती निरुपयोगी आहे हे कळते, कारण जो अवयवच दुखावला आहे त्याच्यावरच आपण भार टाकीत असतो. उपाय असा, की सुरुवातीचा निर्णय मनाकडे ठेवूच नये, तो आधीच एखाद्या बाह्य घटनेला बांधून टाकावा. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली या ‘जर-तर’ निश्चयाचे विवेचन केले. ‘रोज अभ्यास करीन’ असा संकल्प फारसा तगत नाही. परंतु ‘चार वाजताचा चहा झाला की कपबशी मोरीत ठेवीन, आणि परतताना टेबलावरचे पुस्तक खुणेच्या पानावर उघडीन’ असा स्थळकाळाने बांधलेला निश्चय बराच अधिक तगतो. एवढेच ठरवावे, पाने किती वाचावयाची ते ठरवू नये. पुस्तक कपाटात ठेवू नये, कव्हर घालून तर मुळीच नाही. ते उघडेच असावे, त्यावर पेन्सिल असावी, आणि काल कोठे थांबलो याची खूण डोळ्यांना दिसावी. आईला हे अव्यवस्थित वाटेल, तिने ते सहन करावे.

एका वेळी किती धरता येते?

दुसरी अडचण वाचू लागल्यानंतरची. वाक्याचा पूर्वार्ध ध्यानात धरून उत्तरार्ध वाचणे, गणिताची मधली पायरी मनात ठेवून पुढची करणे, या कामी जी अल्पकालीन धारणा लागते तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. बॅडली आणि हिच या दोघांनी तिचा सिद्धान्त १९७४ साली मांडला. मायकेल ग्रीन यांनी १९९६ साली तोवरच्या संशोधनाचा जो आढावा घेतला त्यात असे दिसून आले, की स्किझोफ्रेनियाचा रुग्ण पुढे व्यवहारात किती सावरेल हे त्याचे भास-भ्रम किती तीव्र होते यावर तितकेसे अवलंबून नसते, जितके ते स्मृती व अवधान यांच्या स्थितीवर असते. ‘आता आवाज येत नाहीत ना, मग अभ्यासाला काय झाले?’ या प्रश्नाचे उत्तर येथे आहे: आवाज थांबविणारे औषध अवधान परत आणतेच असे नाही.

सुदैवाने दूरशिक्षणाची पुस्तके या बाबतीत महाविद्यालयीन ग्रंथांहून उपकारक असतात, कारण ती शिक्षकाच्या अनुपस्थितीत वाचावयाची म्हणूनच लिहिलेली असतात. लहान घटक, आरंभी उद्दिष्टे, मध्ये मध्ये स्वयंअध्ययनाचे प्रश्न. बहुतेक विद्यार्थी हे प्रश्न ओलांडून पुढे जातात आणि नंतर सगळा घटक पिवळ्या शाईने रंगवून पुन्हा पुन्हा वाचतात. हा क्रम उलटा करावा. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ सालच्या प्रयोगात पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत सरस ठरले, परंतु आठवड्यानंतरच्या परीक्षेत पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. म्हणून एक परिच्छेद वाचावा, पुस्तक पालथे घालावे, त्यातली एक ओळ स्वतःच्या शब्दांत वहीत लिहावी, आणि मगच पुढे जावे. धारणा तोकडी असली तरी वही तोकडी नसते. पंचवीस मिनिटांत दोन पाने झाली तर ती गती पुरेशी आहे.

गोळी आणि घड्याळ

औषधांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात: गोळ्यांनी डोके बधिर होते म्हणून परीक्षेपुरत्या त्या बंद कराव्यात, किंवा डॉक्टरांनी दिले ते निमूट घ्यावे, विचारू नये. पहिले मत घातक आहे. अकस्मात औषध तोडल्याने आजार उलटतो आणि परीक्षाच काय, पुढचे वर्षही बुडते. दुसरे मत घातक नसले तरी शहाणपणाचे नाही. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी दहा-अकरापर्यंत रेंगाळत असेल तर पहाटे उठून अभ्यास करण्याचा परंपरागत हुकूम या विद्यार्थ्यावर बजावू नये, आणि गोळी थोडी आधी घेता येईल का हे डॉक्टरांना विचारावे. अंगाचा ताठरपणा कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलसारख्या औषधाने काहींची स्मरणशक्ती मंदावते. लिथियमने काहींचा हात कापतो आणि अक्षर बिघडते. डॉक्टरांची गाठ महिन्यातून पाच मिनिटे पडते आणि तेवढ्यात ‘झोप लागते ना, भूक लागते ना’ यापलीकडे विषय जात नाही. म्हणून ‘दुपारी दोन ते चार वाचू शकतो, सकाळी अक्षरे तरंगतात, अर्ध्या तासानंतर हात कापतो’ असे चार ओळींचे टिपण लिहून न्यावे.

बायपोलर विकाराच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट कटाक्षाने पाळावी, ती म्हणजे जागरण न करणे. आपल्याकडे रात्र जागून केलेल्या अभ्यासाला मोठा मान आहे. परंतु या विकारात झोपेची तूट ही उन्मादाच्या झटक्याला प्रत्यक्ष आमंत्रण ठरू शकते. शिवाय झटक्याच्या आरंभी माणसाला विलक्षण हुशारी वाटते, दोन दिवसांत सारा विषय संपवल्याचा भास होतो, आणि घरचेही ‘आता कसा लागला अभ्यासाला’ म्हणून सुखावतात. तीन-चार तासांची झोप आणि तरीही थकवा नाही, असे दोन रात्री घडले तर पुस्तक मिटून डॉक्टरांना कळवावे.

फॉर्म भरण्यापूर्वीचा हिशेब (चौकट)

इग्नूच्या पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे सुमारे ३० तासांचा अभ्यास. सहा श्रेयांकांच्या एका विषयाला म्हणून १८० तास लागतात. रोज एक तास निघत असेल तर सहा महिने, अर्धाच तास निघत असेल तर वर्ष. आधी पंधरवडाभर प्रत्यक्ष किती वेळ बसवते हे घड्याळ लावून पाहावे, आणि त्या आकड्याने विषयांचा भार मोजावा, वयाच्या अंगाने किंवा चुलतभावाच्या पदवीच्या अंगाने नव्हे.
इग्नूच्या तीन वर्षांच्या पदवीस सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते व सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. बहुतेक विषयांत स्वाध्यायांना ३० टक्के व लेखी परीक्षेला ७० टक्के भारांक असतो. स्वाध्याय घरी, सवडीने लिहावयाचे असल्याने चांगल्या दिवसांत ते आधी उरकून ठेवावेत.
मनःस्थिती ढासळल्यास १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. मराठीतही बोलता येते.

घर हीच शाळा झाल्यावर

दूरशिक्षणाच्या माहितीपत्रकांत ज्याचा उल्लेख कधीच नसतो असा एक विषय आहे. लंडनमध्ये १९५० च्या दशकात जॉर्ज ब्राउन यांनी रुग्णालयातून सुटलेल्या रुग्णांचा माग काढला, तेव्हा आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्यांपेक्षा परक्यांच्या घरी खोली घेऊन राहिलेले रुग्ण अधिक चांगले टिकलेले दिसले. पुढील संशोधनात याचे कारण स्पष्ट झाले: ज्या घरात सतत टीका, राग किंवा श्वास कोंडणारी काळजी व्यक्त होते, तेथे आजार उलटण्याचे प्रमाण जास्त, आणि अशा नातलगाचा समोरासमोरचा सहवास आठवड्याला ३५ तासांहून अधिक असेल तर ते आणखी वाढते. चंडीगढ येथील पाहणीत भारतीय कुटुंबांत ही टीका लंडनच्या मानाने कमी आढळली, ही समाधानाची गोष्ट. परंतु कमी म्हणजे मुळीच नाही असे नव्हे.

आता हा हिशेब दूरशिक्षणाला लावून पाहा. महाविद्यालयात जाणारा मुलगा दिवसाचे सहा तास घराबाहेर असतो. घरी शिकणारा चोवीस तास घरच्यांच्या डोळ्यांपुढे. प्रत्येक जाता-येता कोणी तरी डोकावते आणि ‘झाला का एक धडा?’ असे विचारते. विचारणाऱ्याच्या मनात माया असते, ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र तगादा पडतो. यावर मला सुचणारा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक तोडगा म्हणजे गावची अभ्यासिका. स्पर्धापरीक्षांच्या कृपेने आज तालुक्याच्या गावीही अभ्यासिका आहेत, सार्वजनिक वाचनालयांतही टेबल-खुर्ची मिळते. तेथे बोलावे लागत नाही, नाव-गाव कोणी विचारीत नाही, आणि तरी आजूबाजूला दहाजण मान खाली घालून वाचीत असतात. गर्दीचा जाच न होता गर्दीचा आधार मिळावा अशी ही जागा आहे. दोन तास तेथे काढले तरी आठवड्याचे बारा-चौदा तास घराच्या नजरेआड जातात, आणि घरच्यांनाही तेवढी उसंत मिळते. ज्याला भीतीमुळे तेवढेही जमत नाही त्याने आरंभी दुपारच्या ओसाड वेळी अर्धा तास जाऊन वर्तमानपत्र चाळून परतावे.

मग विचारपूस करावयाची कोणी? तीही लागतेच, परंतु ती घरातल्या पाचजणांनी रोज करण्याऐवजी एकाच माणसाने, शक्यतो आईवडील सोडून, आठवड्यातून ठरलेल्या वारी करावी. मावसभाऊ, जुनी मैत्रीण, अभ्यासकेंद्रावरचे समंत्रक, कोणीही चालेल. त्याने एवढेच विचारावे, की या आठवड्यात कोणते पान झाले आणि पुढचे कोणते. बॉस्टन विद्यापीठात १९८० च्या दशकात मनोरुग्णांसाठी सहाय्यित शिक्षणाचा जो उपक्रम उभा राहिला त्याचाही भर ‘निवडा, मिळवा, टिकवा’ या तीन पायऱ्यांवर होता. आपली सारी धडपड मधल्या पायरीवर, म्हणजे प्रवेश मिळविण्यावर संपते. तिसरीसाठी माणूस नेमलेला नसतो.

दाखल्याचा प्रश्न

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने मानसिक आजार हा मान्य दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत धरला आहे, आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर उच्च शिक्षणात राखीव जागांसह अनेक सवलती मिळतात. मानसिक आजारासाठी ही टक्केवारी ठरविताना स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संभाषण व आकलन, आणि काम अशा चार अंगांची तपासणी होते. विद्यार्थ्याच्या बाबतीत शिक्षण हेच काम धरले जाते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून अर्धवट सुटलेल्या वर्षांच्या गुणपत्रिका, गैरहजेरीची पत्रे असे कागद दप्तरात जपून ठेवावेत आणि तपासणीस बरोबर न्यावेत.

दाखला घ्यावा की नाही, यावर घरोघरी खल होतो, आणि ‘पुढं लग्नाचं बघायचं आहे’ या एका वाक्यावर तो बहुधा तहकूब होतो. ही भीती पोकळ आहे असे मी म्हणणार नाही; समाज तसा आहे. परंतु दाखला काढणे आणि तो मिरविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तो पेटीत पडून राहिला तरी हरकत नाही, परीक्षेचा अर्ज भरताना मात्र हाताशी असावा, कारण ऐनवेळी वैद्यकीय मंडळाची तारीख मिळत नाही.

आजार उलटला तर

तो उलटू शकतो, हे धरूनच आखणी करावी. नॅश या गणितज्ञाचे उदाहरण अशा वेळी हटकून दिले जाते. पण ज्या कामासाठी त्यांना १९९४ साली नोबेल मिळाले ते आजारापूर्वीचे होते, हे सांगितले जात नाही. त्यांच्यापेक्षा एलिन सॅक्स यांचे उदाहरण अधिक उपयोगी. स्किझोफ्रेनिया असताना, मध्ये रुग्णालयात राहून, त्यांनी येल येथे कायद्याचे शिक्षण पुरे केले व पुढे त्या प्राध्यापक झाल्या. आणि आपल्या यशाचे श्रेय त्या उपचार, जवळची माणसे व आधार देणारी कामाची जागा यांना देतात, इच्छाशक्तीला नव्हे.

प्रकृती बरी असतानाच एका कागदावर लिहून ठेवावे: झोप, चिडचीड, संशय यांपैकी माझी पहिली लक्षणे कोणती, ती दिसल्यास अभ्यासकेंद्राला कोण कळवील, कोणता विषय प्रथम मुलतवी टाकावयाचा. जूनची परीक्षा डिसेंबरवर नेणे म्हणजे नापास होणे नव्हे, आणि सहा वर्षांची मुभा ज्या माणसांसाठी ठेवलेली आहे त्यांत आपण बसतो. परंतु निकालानंतर किंवा त्याआधी जगण्याचाच वीट आल्याची भाषा विद्यार्थ्याच्या तोंडी आली, तर तेथे परीक्षेचा विषय संपतो. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

परीक्षेचा दिवस

वर्षभर एकांतात शिकलेल्या माणसाला अखेर शे-दोनशे अनोळखी लोकांत तीन तास बसावे लागते, ही दूरशिक्षणातली खरी विसंगती. म्हणून परीक्षाकेंद्राची इमारत आठवडाभर आधी जाऊन पाहावी, दालन कोठे, प्रसाधनगृह कोठे, पंख्याखालची जागा कोणती, हे डोळ्यांखालून घालावे. त्यापूर्वी दोन वेळा तरी अभ्यासिकेत घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका पूर्ण वेळ सोडवावी. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाच्या परीक्षार्थींना तासाला किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरास एक तास, वाढीव वेळ देण्याची तरतूद आहे. तिचा अर्ज परीक्षेच्या फॉर्मबरोबरच द्यावा आणि मंजुरीची प्रत खिशात ठेवावी, कारण त्या सकाळी पर्यवेक्षकाला नियम समजावून सांगत बसणे हे कोणत्याच परीक्षार्थीला परवडत नाही. पाण्याची बाटली विसरू नये. लिथियम घेणाऱ्याला तहान फार लागते.